दोन म्हाताऱ्यांचं विमान

कनेरगाव नाक्याला बसमधून उतरले आणि आधी वास शोधला. डिझेलचा, रॉकेलात भिजलेल्या चिंध्यांचा, तापलेल्या पत्र्याचा. दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी तो वास माझी वाट बघत तिथे थांबला असेल असं मला का वाटलं, कोण जाणे. होता तो ढाब्यावरच्या फोडणीचा आणि ओतलेल्या डांबराचा. रस्ता रुंद होणार म्हणून मोजणीवाल्यांनी आमच्या भिंतीवर लाल फुली मारली होती. फुलीखाली एका उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर जोंधळेकाका बसले होते. ऐंशीला टेकलेला माणूस, हिंगोलीहून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून आलेला. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"काका, तुम्ही काहून तकलीफ घेतली?"

"तुझ्या बापाचं दुकान पडून राहिलं, आन् मी घरी बसू?" असं म्हणून त्यांनी काठीनं भिंतीवरची फुली खरवडून पाहिली. ती निघण्यासारखी नव्हती.

माझ्या वडिलांना आम्ही 'बा' म्हणायचो. आमच्या तांड्यात आईला याडी आणि वडिलांना बा. बा आणि जोंधळेकाका हवाई दलात बरोबर होते. निजामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा बा तांड्यातून पळून जाऊन भरती झाला आणि इंजिन फिटर झाला. काका हिंगोलीच्या बौद्धवाड्यातले. ते विमानातली घड्याळं बघायचे, म्हणजे उंची, वेग आणि तेलाचा दाब दाखवणारी ती गोल गोल यंत्रं. एकाच भागातली ही दोन पोरं उत्तरेतल्या कुठल्याशा तळावर एकाच विमानाला नेमली गेली. पेन्शनीत आल्यावर काकांनी हिंगोलीत पोरांना यंत्रकाम शिकवलं आणि बानं नाक्यावर पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मी त्याचं उशिरा झालेलं लेकरू. मला आठवतो तो बा म्हाताराच, आणि एका कानानं बहिरा. दुसरा कानही हळूहळू मिटत चालला होता. इंजिनांनी खाल्ले, म्हणायचा, पण तक्रार म्हणून नाही. लेकीच्या सासरकडच्यांनी काही मागावं आणि द्यावं लागावं, तशा सुरात.

दुकानातले ऋतू वेगळे असत. फाल्गुनात आजूबाजूच्या शेतांत हळद शिजायची आणि कढयांच्या वाफेचा तो कडवट, ओला वास डिझेलमध्ये मिसळून थेट घशात बसायचा. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की इंजिनं येत, बैलगाडीत चारा अंथरून, आजारी माणसाला आणावं तशी. पावसाळ्यात दुकान रिकामं. मग बा पाने पुसत बसायचा आणि पत्र्यावर पाऊस वाजायचा, जो त्याला ऐकू यायचा नाही. "पडून राहिला का?" असं मला विचारायचा. मी मान हलवली की समाधानानं पुन्हा पुसायला लागायचा.

भिंतीवर देवांच्या ओळीत एक विमान होतं. पिवळट पडलेला, चौकटीतला फोटो. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर, एका पंख्याचं, एका माणसानं उडवायचं लढाऊ विमान. त्याच्या नाकाशी हाफ पँटीतली दोन काळी, काटकुळी पोरं. विमानाला बा 'गराशा' म्हणायचा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे, त्या लदेणीच्या पुढे चालणारा बैल म्हणजे गराशा. त्याच्या पाठीवर कधी ओझं टाकत नसत आणि त्याला कोणी विकत नसे. गळ्यात घंटा बांधून त्यानं फक्त पुढे चालायचं, आणि तो चालला की मागे सगळा तांडा चालायचा.

या गराशाच्या पायी दोघांना शिक्षा झाली होती आणि ती गोष्ट आम्ही पोळ्याला दरवर्षी मागून ऐकायचो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे लोण्याहळदीनं मळतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना तेवढाच आराम. विशीतला बा, घरापासून कुठल्या कुठे, त्या संध्याकाळी कासावीस झाला. त्याच्याजवळ बैल नव्हता. मग त्यानं स्वयंपाक्याकडून लोणी मागून आणलं, घरून आणलेल्या पुडीतली हळद त्यात कालवली आणि विमानाचा पंख जिथं धडाला लागतो तिथं, दोन्हीकडे, अर्धा घंटा मळत बसला. सकाळी साहेबांना पंखाच्या मुळाशी पिवळे, तेलकट ओघळ दिसले. कुठली तरी नळी फुटली म्हणून विमान जमिनीवरच ठेवलं, अर्धं उघडलं, दिवसभर गळती शोधली. जोंधळेकाकांना सगळं ठाऊक होतं. ते बोलले नाहीत. शेवटी बानं स्वतःच कबूल केलं, तेव्हा ठाऊक असून गप्प बसला म्हणून त्यांनाही बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

"पण त्या दिवशी त्याला आराम झाला ना!" गोष्टीच्या शेवटी बा नेहमी हेच म्हणायचा. "पोळ्याला बैल जोतायचा नसतो. साहेबाला काय माहीत?"

नाक्यावर आमचं दुकान पोळ्याला बंद असायचं. बाकी वर्षभर बा देवाधर्माच्या फार नादी लागला नाही, पण त्या दिवशी दुकानात असलेल्या प्रत्येक इंजिनाला हळदीचं बोट लागायचं. दुसऱ्या दिवशी शेतकरी विचारायचे, हे पिवळं काय? बा म्हणायचा, औषध.

दसऱ्याला तो मला हिंगोलीच्या प्रदर्शनाला न्यायचा. जळालेल्या तेलातल्या भज्यांचा वास, धूळ, भोंग्यांचा एकमेकांत गुंतलेला आवाज. मला आकाशपाळणा हवा असायचा आणि बाला मौत का कुआँ. लाकडी फळ्यांच्या त्या विहिरीत मोटारसायकली भिंतीवरून गोल गोल फिरायच्या. बाकीचे लोक तिकीट काढून वरून बघत. बा बाहेर उभा राहून फळ्यांना पाठ टेकायचा आणि डोळे मिटायचा. आतली गाडी त्याच्या पाठीमागून गेली की अख्खी भिंत थरारायची. "ह्या दुसऱ्या गाडीचं काही खरं न्हाई," मला सांगायचा, "खोकून राहिली ती." मला लाज वाटायची. आज त्या फळ्यांना एकदा पाठ टेकायला मिळावी म्हणून मी वाटेल ते देईन.

मी सातवीत होते, जिल्हा अजून परभणीच होता, तेव्हा एका रविवारी काका धापा टाकत दुकानात आले. त्यांचा मुलगा मिलिंद नोकरीनिमित्त अमेरिकेत होता. तिथे एका वाळवंटात दरवर्षी जुन्या लढाऊ विमानांच्या शर्यती होतात. लांब लांब खांब रोवलेले, त्यांना वळसे घालत विमानं जमिनीलगत धावतात. तमाशा बघायला म्हणून गेलेल्या मिलिंदला एका विमानापाशी पाटी दिसली, की हे पूर्वी हिंदुस्थानात उडालेलं आहे. पाटीवर जुना नंबर होता. तो नंबर मिलिंदला स्वतःच्या नावासारखा पाठ. लहानपणी दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेला.

"राठोड!" काका ओरडले. "आपलं जित्तं हाय!"

बाला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं आणि तो खाली बसला.

सेवेतून काढल्यावर ते विमान मैदानाच्या कडेला गवतात पडून होतं, एवढंच दोघांना माहीत होतं. वरून शत्रूला फसवायला म्हणून अशी मेलेली विमानं उभी करून ठेवत. मग कधीतरी गोरे शौकीन आले आणि भंगाराबरोबर घेऊन गेले. आता ते रंगवलेलं होतं, लालभडक. मिलिंदनं फोटो पाठवले आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये आधी नुसता वारा. मग मिलिंदचा आवाज, "पपा, आता येतंय बघा, खांबाला वळसा घालून राहिलंय..." आणि मग तो गडगडाट, जो टेपच्या छोट्या जाळीत मावायचा नाही आणि फाटून बाहेर यायचा. त्यानंतर पुन्हा वारा आणि लांबवरच्या टाळ्या. बा जाळीवर सबंध पंजा ठेवून ऐकायचा. हातानंच. दुकान आवरल्यावर रोज संध्याकाळी, चहाच्या आधी. कोपऱ्यात कंदील, रस्त्यावरून एसट्या जात-येत, आणि बा डोळे मिटून वाळवंटात.

काका मात्र फोटो बघून खट्टू झाले होते. वेग वाढावा म्हणून पंखांची टोकं छाटली होती. आतली जुनी घड्याळं काढून नवी बसवली होती. ज्यांच्यावर काकांचा हात फिरला होता, त्यातलं एकही विमानात राहिलं नव्हतं.

तिथून त्यांचं भांडण सुरू झालं. दर रविवारी बा सकाळच्या एसटीनं हिंगोलीला काकांकडे जायचा. कधी मी बरोबर असायचे. काकूंच्या हातची भाकरी आणि वांग्याचं भरीत, भिंतीवर बुद्धाचा शांत फोटो आणि त्याच्या खाली हे दोघं तारस्वरात.

"त्याला आता संग्रहालयात ठेवलं पायजे," काका म्हणत. "पयल्यासारखा रंग देऊन, घड्याळं परत लावून. किती वर्सं जोतायचं त्याला?"

"जोतून कोण राहिलं? बंदुका काढल्या त्याच्या. पाठीवरचं ओझं उतरवलं. आता नुसतं पुढं चालायचं. आता झाला तो खरा गराशा."

"आन् एक दिवस पडला म्हंजे?"

"खुट्याला बांधून मरण्यापरीस बरं."

एकदा काका फार चिडले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. बाला नीट ऐकू आलं नसेल, मला आलं. "राठोड, तुमचा तांडा चालत राहिला, तुमाला चालल्याचं कौतुक. आमच्या लोकांचं कोणी काय जपून ठेवलं? माझ्या आज्याचा एक फोटो न्हाई. त्यानं वापरलेला एक गडवा न्हाई. मी या हातानं काम केलेली एक वस्तू काचेआड उभी राहावी, खाली पाटी असावी, लोकांनी वाचावी. एवढंच म्हणून राहिलो मी."

बानं मला विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, घड्याळं परत लावायला पाहिजेत म्हणाले. तेवढंच ओरडून सांगता येण्यासारखं होतं.

मिटवायचं म्हणून दोघं एकदा दिल्लीला जाऊन आले आणि हट्टानं मला घेऊन गेले. हिंगोलीहून मीटरगेजच्या गाडीनं अकोला, तिथून पुढे. तिथल्या संग्रहालयात त्याच जातीचं एक विमान उभं होतं. थंड, मोठी शेड, फिनाईलचा वास, बोललेलं घुमणारं. काका पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती ओळ अन् ओळ वाचली. मग काचेतून आतली घड्याळं बघितली, सगळी जागच्या जागी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. बा विमानाच्या पोटाखाली वाकून फरशी बघत होता. त्यानं फरशीवर बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं.

"एक थेंब तेल न्हाई," म्हणाला. "असल्या इंजिनाखाली परात ठेवावी लागायची, इतकं ते गळायचं." मग त्यानं विमानाच्या नाकावर पंजा ठेवला, टेपच्या जाळीवर ठेवायचा तसा. पहारेकरी ओरडला, "हाथ मत लगाइए!" बाला ते ऐकू आलं नाही. मीच त्याचा हात धरून खाली घेतला. परतीच्या गाडीत दोघांपैकी कोणी वादच काढला नाही, आणि मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. विमानाचा मालक म्हातारा झाला होता. त्याच्या घरातही हेच भांडण: एक संग्रहालय विमान मागत होतं, आणि मालकाच्या तरण्या पोराला ते शर्यतीत उडवायचं होतं. मिलिंदची आणि त्या घराची आता चांगली ओळख झाली होती. म्हातारा मिलिंदला म्हणाला, ज्या दोघांनी याला तरुणपणी खाऊपिऊ घातलं, त्यांना विचार. ते म्हणतील तसं करू.

असं कोणी खरंच करतं का? माझा विश्वास बसला नव्हता. बाचा एका क्षणात बसला. त्याच्या हिशेबानं यात नवल काहीच नव्हतं. बैलाचं ठरवायचं तर त्याला वाढवणाऱ्याला विचारतातच. रविवारी संध्याकाळी काकांच्या घरी फोन येणार होता. बानं त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं. फोन वाजला. काका बोलले, मग त्यांनी तो बाच्या बऱ्या कानाला लावला. तिकडचं काही ऐकू येत नव्हतंच. बानं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "उडू द्या!"

गल्लीतल्या पोरांनी खिडकीतून डोकावलं. काकू हसू लागल्या. काकांनी फोन परत घेतला. मिलिंदनं विचारलं असावं, पपा, तुमचं काय म्हणणं? कारण काकांनी बाकडे पाहिलं. बाचं तोंड लग्नघरातल्या माणसासारखं झालं होतं. काका म्हणाले, "त्याचंच ते माझं," आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या हंगामात ते विमान पडलं. का, कसं, हे मी कधी विचारलं नाही. खांबाला वळसा घेताना गेलं आणि त्या म्हाताऱ्याचा पोरगा त्याच्याबरोबर गेला. काका सांगायला आले तेव्हा दुकानात एक इंजिन सुरू होतं. बानं ते बंद केलं, हात पुसले, शटर ओढलं आणि आमच्याबरोबर तांड्याकडे चालत गेला.

घरी गेल्यावर त्यानं याडीला सांगितलं, चूल पेटवू नको, सुतक आहे. याडी आधी घाबरली, मग चिडली. कोणाचं सुतक? नात्याचा ना गोत्याचा, नाव तरी घेता येतं का तुला त्याचं? येत नव्हतं. बानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते वेगळं झालं. तरी त्यानं दहा दिवस पाळले. जमिनीवर झोपला, मीठ सोडलं, आणि दहाव्याला ओढ्यावर जाऊन डोई भादरून घेतली. तांड्यातली माणसं विचारत, राठोडा, कोण गेलं? बा सांगायचा, "पोरगं गेलं." सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, भाकरी बाहेरून येते. ती हिंगोलीहून आली. काका कर्मकांड न मानणारे, असल्या गोष्टींवर एरवी तासभर भाषण देणारे. ते रोज एसटीनं पिठलं-भाकरीचं फडकं घेऊन यायचे आणि बाशेजारी जमिनीवर बसून राहायचे. एकदाही ते 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाले नाहीत. माणसानं माणसासाठी काय करावं, हे मी त्या दहा दिवसांत पाहिलं.

सुतक फिटलं, पण बा काही उठला नाही. दुकान बंद. बाजेवर बसून समोरच्या बाभळीकडे बघायचा. याडीनं दोन भाकरी पुढे ठेवल्या तर अर्धी खायचा. "मी बोललो म्हणून," एवढंच अधूनमधून म्हणायचा. "मी बोललो म्हणून उडालं ते." महिना गेला. डोक्यावर पांढरे खुंट आले. एका रविवारी काका आले, बाजेवर त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. मी चहा गाळत होते.

"राठोड, ऐक. त्या दिवशी तू फोनवर बोलला ते पुढं गेलंच न्हाई. मिलिंदनं म्हाताऱ्याला सांगितलंच नव्हतं. त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं उडवायचं. तुझा शबूद तिथवर पोचलाच न्हाई. तुझ्यामुळं काय झालं न्हाई."

बहिऱ्या माणसाला हळू आवाजात धीर देता येत नाही. काकांना ते सगळं ओरडून सांगावं लागलं, दोनदा. बा त्यांच्या ओठांकडे बघत होता. मला वाटलं, आता याच्या छातीवरचा दगड उतरेल.

"म्हंजी आपल्याला कोणी इचारलंच न्हाई?"

"इचारलं. पण ऐकलं न्हाई."

बानं हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. "मग मी डोई कोणासाठी भादरली?"

माझ्या हातातला चहा निवला.

दुसऱ्या दिवशी बानं दुकान उघडलं. याडीनं देवापुढे नारळ फोडला. तो पोटभर जेवू लागला, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालू लागला, सगळे म्हणाले, राठोड सावरला. पण भिंतीवरून फोटो उतरला होता आणि कॅसेट मला पुन्हा दिसली नाही. रविवारची एसटी दुकानासमोरून हॉर्न वाजवत जायची. ड्रायव्हर ओळखीचा, तो मुद्दाम थांबायचा. बा पान्यावरून मान वर करायचा नाही. काका सुरुवातीला यायचे. बा त्यांना बसायला डबा सरकवायचा, चहा पाजायचा, पावसापाण्याचं बोलायचा, शेजाऱ्याशी बोलावं तसं. विमानाचा विषय काकांनी काढला की त्याचा कान जास्तच बहिरा व्हायचा. हळूहळू काकांचं येणंही कमी झालं. पोळ्याच्या दिवशी दुकान उघडं दिसलं, त्या वर्षी मला कळलं की बा आमच्यातून निम्मा गेलेला आहे. उरलेला निम्मा पुढे सहा वर्षं इंजिनं दुरुस्त करत राहिला आणि एका थंडीत झोपेत गेला.

मी तेव्हापासून मनात तो खटला चालवते आहे. काचेआड ठेवलं असतं तर विमान वाचलं असतं, पोरगं वाचलं असतं, काकांची घड्याळं परत लागली असती. हे सगळं खरं आहे. आणि दिल्लीच्या त्या कोरड्या फरशीवर फिरलेलं बाचं बोट, तेही खरं आहे. मला दोघांपैकी कोणाच्याच बाजूनं निकाल देता येत नाही आणि त्याचा मला राग येतो.

आज नाक्यावर उन्हं उतरू लागली तेव्हा पाडायला आलेल्या माणसांनी पत्रे काढायला घेतले. आम्ही दोघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोरी, मी तुझ्या बापाशी खोटं बोललो."

"त्याचा शबूद पोचला होता. म्हाताऱ्यानं त्याच्या शबदावरच पोराला उडवू दिलं. त्या पोरानं ते शब्द मिलिंदकडून शिकून घेतले होते, आपल्या मराठीत. विमानात बसला की इंजिन चालू करायच्या आधी मोठ्यानं म्हणायचा, 'उडू द्या.' दर वेळी. तिथले लोक हसायचे. मिलिंदनं मला फोनवर सांगितलं आन् मी म्हटलं, रविवारी राठोड येईल तेव्हा सांगतो, पार खुळा होईल तो आनंदानं. त्या रविवारच्या आधीच ते पडलं. मग कसं सांगू? आन् ते खोटं बोलून बसल्यावर तर सांगताच येईना. त्याला हलकं करायला गेलो मी. तो त्या ओझ्यावरच उभा हाय, हे मला कळलं न्हाई."

पत्रा खाली पडला. धूळ उठली. मला रडू आलं ते बासाठी की यांच्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

"त्याला आधी कळलं असतं तर हसला असता हो काका," मी म्हणाले.

"हसला असता. मग रडला असता जन्मभर," काका म्हणाले. "पण रविवारी आला असता माझ्याकडं."